लायब्ररीच्या कार्डावर घरबसल्या पेपर: काही महिन्यांनंतर

वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहून रोज सकाळी 'द गार्डियन' पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळता येईल, असं कधी वाटलं नव्हतं. एका ग्रंथालयाची डिजिटल सदस्यता घेतली, त्यात प्रेसरीडर, म्हणजे जगभरचे पेपर वाचायचं ॲप, मिळालं. त्याची वर्गणी ग्रंथालय भरतं. आपण कार्ड क्रमांक आणि पासवर्ड टाकायचा, की देशोदेशीचे अंक उघडतात.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते छापील पान जसंच्या तसं दिसणं. वेबसाइटवर जी बातमी वर सरकते तीच आपण वाचतो. पानावर मात्र कोपऱ्यातली चार ओळींची बातमीही नजरेला पडते, आणि संपादकाने कशाला किती जागा दिली हे कळतं. एकच घटना लंडनच्या आणि दिल्लीच्या पेपरात शेजारी ठेवून वाचायची सवय मला इथेच लागली.

सासऱ्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक टाइप वाचवत नव्हता. बातमीवर टिचकी मारली की फक्त मजकूर उघडतो, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, नाहीतर बातमी ऐकता येते. आता अग्रलेख ते ऐकतात आणि जेवताना आमच्याशी त्यावर वाद घालतात. फोनवर मात्र पूर्ण पान वाचायचा हट्ट धरू नका, टॅब हवाच. अंक आधी उतरवून ठेवला तर गाडीत नेट नसतानाही वाचता येतो.

त्रास एकच, पण नेमाने होणारा: ठरावीक दिवसांनी लॉगिन संपतं आणि कार्ड पुन्हा पडताळावं लागतं. ही मुदत ग्रंथालय ठरवतं, म्हणून सदस्यतेचे पैसे भरण्याआधी तेवढं विचारून घ्या. मराठीसाठी आम्ही थेट पेपरांचे ई-पेपरच उघडतो. जुनी वृत्तपत्रं बघायची तर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा 'ग्रंथ संजीवनी' हा डिजिटल संग्रह आहे.

महाराजा सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून इथे सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं विणलं, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवल्या. त्या शहराच्या ग्रंथालयांनी आपल्या सभासदांना अशी सोय द्यायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं. तोवर आमची सदस्यता चालू राहील. पुढच्या वर्षाचे पैसे भरून टाकलेत.