टांगत्या कुंडीतील होया : वेल उत्तम, माती आणि माहितीपत्रक टाकाऊ

एका ऑनलाइन रोपवाटिकेकडून मागवलेली होया कार्नोसा या फुलवेलीची टांगती कुंडी पुण्यातील आमच्या पूर्वेकडच्या गॅलरीत आता चांगली रुळली आहे आणि तिला पहिला बहरही येऊन गेला आहे, त्यामुळे या खरेदीविषयी खात्रीने लिहिता येईल. साडेचारशे रुपयांत मिळालेली वेल निरोगी होती. पाने जाड व तकतकीत होती, पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण या किडीचा पांढरा कापूस कुठेही नव्हता, आणि बांधणी इतकी चोख होती की प्रवासात एक कोवळे टोक मोडण्यापलीकडे काहीही इजा झाली नाही.

तक्रार आहे ती कुंडीत भरलेल्या मिश्रणाबद्दल. होया ही पूर्व आणि आग्नेय आशियातील जंगलांत झाडांच्या आधाराने वाढणारी वेल असल्याने तिच्या मुळांना ओलाव्याइतकीच हवाही लागते. विक्रेत्याने मात्र नुसते कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबून भरले होते आणि कुंडीच्या तळाशी ताटली घट्ट बसवली होती. पुण्याच्या पावसाळ्यात अशी कुंडी आठवडाभर वाळत नाही आणि मुळे कुजू लागतात. ताटली काढून, झाडाच्या सालीचे तुकडे, परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) आणि थोडे कोकोपीट अशा मिश्रणात वेल पुन्हा लावली. कुंडी जाणीवपूर्वक त्याच मापाची ठेवली, कारण मुळांना थोडी दाटी असलेली होया चांगली फुलते, तर मोठ्या कुंडीत ओल रेंगाळते.

सोबतच्या छापील माहितीपत्रकाने अर्धी जागा वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८१० मध्ये टॉमस हॉय या इंग्रज माळ्याच्या नावावरून या वनस्पतीचे नामकरण कसे केले हे सांगण्यात घालवली आहे. ती माहिती खरी आहे. निगेविषयीच्या उरलेल्या तीन ओळी मात्र चुकीच्या आहेत. ‘रोज पाणी द्या’ असे त्यात म्हटले आहे, पण या जाड पानांत पाणी साठलेले असते. पान बोटांनी हलकेच वाकवून पाहावे, ते ताठ असेल तर थांबावे आणि लवचिक लागले तरच पाणी घालावे. ‘सावलीत ठेवा’ हा सल्ला पाळला तर वेल जगेल, पण फुलणार नाही. तिला भरपूर उजेड आणि सकाळचे कोवळे ऊन हवे.

सर्वांत घातक सल्ला ‘फुले वाळताच देठ छाटा’ हा आहे. पाकळ्या गळून गेल्यावर पेरावर जो आखूड, बोडका दांडा उरतो, त्याच्याच टोकाला पुढच्या बहराचे कळे येतात, म्हणून तो कापणे म्हणजे पुढचा बहरच कापणे होय. बिनपानांचे लांब शेंडे आधार शोधत पुढे जातात, तेही छाटू नयेत. फुलांचा गुच्छ छत्रीसारखा खाली झुकतो. प्रत्येक फूल फिकट गुलाबी, मखमली, पाच टोकांचे असून त्याच्या मध्यभागी मेणाचा वाटावा असा छोटा चकचकीत तारा असतो. संध्याकाळनंतर सुगंध वाढतो आणि मधाचे थेंब ओघळून खालची फरशी चिकट होते, तेव्हा कुंडी सोफ्यावर टांगू नये.

याच विक्रेत्याकडे होया केरी या होयाच्याच दुसऱ्या जातीचे हृदयाच्या आकाराचे सुटे पान लहानशा कुंडीत रोवून विकायला आहे. ते घेऊ नये. खोडाचे पेर सोबत नसेल तर असे पान मुळे धरून वर्षानुवर्षे हिरवे राहते, परंतु त्याला वेल फुटत नाही, आणि ही गोष्ट विक्रीच्या वर्णनात कुठेही लिहिलेली नाही.

वेलीला पाचपैकी साडेचार आणि मिश्रणासह माहितीपत्रकाला एक गुण देईन. सालीचे तयार मिश्रण त्यांच्याचकडे वेगळे मिळते, ते सोबतच मागवावे. मात्र कळ्या धरलेली वेल हाती आली, तर बहर संपेपर्यंत तिला हलवू नये, कारण जागा किंवा कुंडी बदलली की होया कळ्या टाकते.