सहा भागांची घाई की तेरा भागांची संथ चाल?

दिवाळीला घरी आलेल्या भाच्यानं विचारलं, "मामा, एकाच महिन्याचे पैसे भरणार आहे. सुपरहिरोची कोणती मालिका आधी पाहू? लांबवाली की लहानवाली?" मार्व्हलचे सिनेमे त्याचे पाठ आहेत, त्यामुळे कोण कुठला हिरो हे त्याला सांगावं लागत नाही. त्याला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच, की कोणती मालिका रेंगाळते आणि कोणती धरून ठेवते. दोन्ही तऱ्हेच्या मालिका मी पूर्ण पाहिल्या आहेत, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथं जरा सविस्तर लिहितो.

लांबवाली म्हणजे 2015 पासून नेटफ्लिक्सवर आलेली 'डेअरडेव्हिल', 'जेसिका जोन्स', 'ल्यूक केज' ही मंडळी. एका पर्वाचे तेरा भाग, भाग जवळपास तासाभराचा, आणि सगळे एकाच दिवशी हजर. लहानवाली म्हणजे 2021 पासून डिस्नेनं आणलेल्या 'लोकी', 'हॉकआय', 'मून नाइट' अशा मालिका. बहुतेक सहा भागांच्या, आठवड्याला एक भाग. पहिलीबद्दल लोकांची तक्रार असते की मधल्या भागांत पाणी घातलंय. दुसरीबद्दल असते की रंगात येते न येते तोच संपते. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत.

पण मालिकेची चाल मालिकेइतकीच आपण ती कशी पाहतो यावरही ठरते, असं मला वाटतं. डिस्नेच्या 'वांडाव्हिजन'चंच घ्या. जानेवारी 2021 मध्ये तिचे पहिले दोन भाग आले, जुन्या अमेरिकन घरगुती विनोदी मालिकांच्या थाटाचे आणि जवळजवळ पूर्ण कृष्णधवल. चौथ्या भागात बाहेरच्या जगाची बाजू उलगडेपर्यंत "हे चाललंय काय?" असं म्हणत किती तरी जण कंटाळले. आमच्या गावातल्या दोन पोरांनी तर तिथंच सोडून दिली. मी तीच मालिका वर्षभरानं, एका रात्री तीन-चार भाग अशी पाहिली. मला ती कुठंच संथ वाटली नाही. आठवडाभर वाट पाहून अर्ध्या तासाचं कोडं हाती आलं की माणूस वैतागतो. तेच कोडं एका बसणीत सुटलं की गोड लागतं.

आता माझी बसणी कुठली ते सांगतो. आमच्याकडं, आर्वीच्या बाजूला, चण्याच्या ओलिताला एक आठवडा दिवसाची लाइन, म्हणजे वीज, असते, एक आठवडा रात्रीची. रात्रीची असली की वावरात जागल, म्हणजे रात्रभराची राखण, आलीच. रोही (नीलगायी) आणि डुकरं तर असतातच, शिवाय स्प्रिंकलरचे पाइप दर तीन तासांनी उचलून पुढं लावायचे. वावरात नेट नाही, म्हणून भाग गावातच मोबाइलमध्ये उतरवून न्यायचे. 'डेअरडेव्हिल'चं पहिलं पर्व मी असंच पाहिलं, पाइपाच्या एका पाळीला तीन भाग. नोझल अडकलं तर मधातच उठायचं, काडीनं माती काढायची, ओले हात पुसून परत खोपीत यायचं. कथेचा धागा एकदाही हातून सुटला नाही.

त्या मालिकेतल्या दोन जागा मला संथ चालीची बाजू पटवून गेल्या. दुसऱ्या भागात पळवून नेलेल्या पोराला सोडवायला हिरो एका अरुंद बोळीतून मारत जातो. कॅमेरा सलग, कट जाणवत नाही. तो थकतो. भिंतीला टेकतो, धापा टाकतो, पुन्हा उठतो. दिवसभर कापूस वेचून आलेल्या माणसाला तो थकवा लगेच ओळखू येतो. आणि ज्याच्या नावानं सगळे थरथरतात तो विल्सन फिस्क समोर दिसतो थेट तिसऱ्या भागाच्या शेवटी, पांढऱ्याशुभ्र चित्रापुढं एकटा उभा. तोवर इतरांच्या भीतीतूनच तो आपल्या मनात मोठा होत जातो. सहा भागांच्या मालिकेत तिसरा भाग संपला की अर्धी वाट सरलेली असते. खलनायकासाठी एवढं थांबायची सोय तिथं सहसा नसते.

आता ज्या एका गोष्टीनं माझा कौल ठरवला, ती. 'सिक्रेट इन्व्हेजन' ही लहानवाली मालिका जून 2023 मध्ये सुरू झाली, दर बुधवारी एक भाग. पेरणीची धावपळ असतानाही मी, मोठा भाऊ आणि शेजारचा एक गडी, तिघं मिळून ती नेमानं पाहत होतो. गुप्तहेरांचा म्होरक्या निक फ्युरी म्हातारा झालेला, आपल्यातच वेष पालटून राहणारे परके, कोणावर भरवसा ठेवावा कळू नये अशी कथा. अंगणात बसून पुढच्या भागाचे अंदाज बांधायचो. 26 जुलैला शेवटचा भाग आला. वावर ओलं होतं, वापसा नव्हता, डवरणीचे डवरे घरीच होते, म्हणून दुपारीच लावला. पाच आठवडे ज्याची गाठ मारली ती एका भागात ओढून तोडली. एक मोठी मारामारी, त्यात सगळ्या नायकांच्या शक्ती एकदम, मागोमाग दोन-चार मोठे निर्णय आणि नावं सुरू. भाऊ म्हणाला, "अजून एक भाग असंल." नव्हता. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं, कारण आधीचे पाच भाग आम्ही जीव लावून पाहिले होते. शेवटच्या भागाची ही घाई मला 'मून नाइट'मध्येही खटकली होती.

अपवाद आहे, आणि तो सांगायलाच हवा: 'लोकी'. पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग बराचसा एका खोलीतल्या बोलण्यावर चालतो, आणि तरी तिथून हलवत नाही. म्हणजे सहा भागांत नीट सांगता येतंच नाही असं नाही. मला तसं नेमानं सापडलं नाही, इतकंच.

लांबवालीचे दोषही लपवत नाही. 'ल्यूक केज'च्या मध्यावर खलनायक बदलतो आणि पुढं गाडी रुतते. 'डेअरडेव्हिल'च्या दुसऱ्या पर्वाचे पहिले चार भाग, पनिशर नावाच्या बंदूकधाऱ्याचे, जबरदस्त आहेत; पुढं निंजांचा पसारा मला जड गेला. पण तो सैलपणा मला सोसतो, त्याचं कारण बहुधा माझ्या आत्याचं गाव. तिकडं, गडचिरोलीतल्या वडशाकडं, मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, झाडीपट्टीचं (पूर्व विदर्भातलं) नाटक रात्री उशिरा उभं राहतं ते पहाटेपर्यंत. मधात गाणी, नाच, विनोदी प्रवेश. म्हाताऱ्या बाया पोरं मांडीवर घेऊन डुलक्या काढतात आणि मुख्य प्रवेश आला की बरोबर जाग्या होतात. कोणी म्हणत नाही की नाटक लांबलं. ते शेवटाला पुरेसा वेळ देतात, म्हणून आधीची डुलकी कोणाला महाग पडत नाही.

भाच्याला एवढंच म्हटलं: नोकरीवरून थकून येत असशील आणि रोज अर्धा-पाऊण तासच मिळत असेल, तर आधी 'लोकी' पाहा, कदाचित तुला तेच आवडेल. पण आठवड्यातल्या दोन रात्री मोकळ्या असतील तर 'डेअरडेव्हिल'च्या पहिल्या पर्वाला चौथ्या भागापर्यंत संधी दे. दुसऱ्या पर्वात कंटाळलास तरी तिसरं सोडू नको, त्यात तुरुंगातली साधारण अकरा मिनिटांची सलग मारामारी आहे.

परवा त्याचा फोन आला होता, नवव्या भागावर आहे. तिसरं पर्व मी पुन्हा मोबाइलमध्ये उतरवून ठेवलंय. चण्याचं दुसरं पाणी अजून बाकी आहे.