मोटारहोमची हवेची पायरी : दुरुस्त करावी की विजेची बसवावी?

बसच्या चॅसीवर बांधलेल्या मोटारहोमची, म्हणजे चाकांवरच्या घराची, दाराशी दाबाच्या हवेवर आतबाहेर होणारी पायरी अडकू लागली की ठाणे-नवी मुंबईच्या गॅरेजांत बहुधा एकच सल्ला मिळतो : ही काढा आणि विजेच्या मोटरवर चालणारी बसवा. हा सल्ला सरसकट चुकीचा नाही. पण बिघाड नेमका कुठे आहे हे पाहण्याआधीच तो दिला जातो, ही त्यातली खरी अडचण आहे. ज्या गाडीत एअर ब्रेकसाठी कॉम्प्रेसर आणि हवेच्या टाक्या मुळातच आहेत, तिथे हवेची पायरी दुरुस्त करणे बहुतेक वेळा स्वस्त पडते आणि ती दुरुस्ती टिकतेही, असे माझे मत आहे. हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या लहान व्हॅनमध्ये मात्र केवळ एका पायरीसाठी कॉम्प्रेसर आणि टाकी बसवण्याचा उपद्व्याप करू नये. तिथे विजेची किंवा हाताने दुमडायची पायरी घ्यावी.

निर्णय घ्यायचा असेल तर आधी बिघाडाची जागा ठरवावी लागते. पायरीखाली हात घालण्यापूर्वी तिच्या शाखेतली, म्हणजे तिला हवा पुरवणाऱ्या नळ्यांतली, हवा सोडून द्यावी, कारण पायरी ढकलणारे 40 मिमी व्यासाचे सिलिंडर 6 बार दाबाला सुमारे 75 किलोग्रॅम वजनाइतका जोर लावते आणि बोट चिरडायला त्याच्या निम्मा जोरही पुरतो. हवा सोडल्यावर सिलिंडरचा दांडा पायरीला जोडणारी पिन काढावी आणि पायरी हाताने आतबाहेर सरकवून पाहावी. हातालाच ती जड लागत असेल, तर दोष हवेचा नसून बिजागरांच्या गंजाचा आणि त्यांत बसलेल्या चिखलाचा आहे. खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे आपल्याकडे हा दोष इतका सर्रास आढळतो की मी तपासणीची सुरुवात नेहमी इथूनच करायला सांगतो. अशा पायरीला विजेची मोटर जोडली, तर तीही काही दिवसांत जळेल.

पायरी हाताने सहज हलत असेल, तर पिन परत घालावी, हवा भरावी आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हकडे, म्हणजे सिलिंडरची हवा विजेने सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपेकडे, वळावे. बहुतेक व्हॉल्व्हवर हाताने दाबण्याचे एक छोटे बटण किंवा पेचकसाने फिरवायचा खाचेचा स्क्रू असतो. पायरीजवळ कोणी नाही याची खात्री करून ते दाबल्यावर किंवा तो फिरवल्यावर पायरी नीट चालली, तर हवेची बाजू निर्दोष आहे आणि फ्यूज, दाराचा स्विच, अर्थिंग किंवा व्हॉल्व्हची कॉइल यांपैकी कुठेतरी वीज अडते आहे. एवढ्या दोषासाठी आख्खी पायरी बदलणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी. तरीही काहीच घडले नाही, तर व्हॉल्व्हपर्यंत पुरेसा दाब पोहोचतो का ते गेजवर पाहावे आणि नळीच्या प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून, म्हणजे वापरलेली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडातून, सतत फुसफुस ऐकू येत असेल, तर एकतर व्हॉल्व्हच्या आतले सील गेले आहे किंवा सिलिंडरच्या पिस्टनचे. यांतला फरक ओळखणे सोपे आहे : पायरी पूर्ण बाहेर आलेली असताना सिलिंडरच्या ज्या बाजूला दाब नाही तिथली नळी सोडवावी, सिलिंडरच्या त्या उघड्या तोंडातून हवा येत राहिली, तर पिस्टनचे सील बदलावे. पायरी चालते पण रडतखडत चालते, अशी तक्रार असेल तेव्हा व्हॉल्व्हच्या याच एक्झॉस्टवरचा छोटा सायलेन्सर काढून पाहावा. धुळीने तो बुजलेला असण्याची शक्यता मोठी.

या तपासणीनंतर दोन पर्याय शेजारी शेजारी ठेवले, तर हवेच्या बाजूचे पारडे दुरुस्तीच्या सोयीमुळे जड होते. कळंबोलीत ट्रकांचे एअर ब्रेक दुरुस्त करणाऱ्या कारागिराला ही यंत्रणा नवखी नसते. गळती कानाने ऐकू येते, आणि रबाळे-महापेच्या कारखान्यांत यंत्रांवर अशीच सिलिंडरे आणि नळी दाबून बसवायचे पुश-फिट जोड वापरले जात असल्यामुळे सुटे भाग शोधत वणवण करावी लागत नाही. विजेच्या पायरीचे कंट्रोल युनिट बिघडले, की ते उघडून दुरुस्त करणारा सहसा मिळत नाही. युनिटच बदलावे लागते, आणि पायरी परदेशी बनावटीची असेल तर ते मागवून वाट पाहणे आले.

आणखी एक अडचण सल्ला देणारे सांगत नाहीत. बसच्या चॅसीवर वीज 24 व्होल्टची असते, तर मोटारहोमसाठी मिळणाऱ्या बहुतेक पायऱ्या 12 व्होल्टच्या असतात. मग दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच तार काढण्याचा जुगाड केला जातो. त्यामुळे एक बॅटरी सतत अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्हींचे आयुष्य घटते. 24 चे 12 व्होल्ट करणारा योग्य क्षमतेचा कन्व्हर्टर किंवा राहत्या भागाची स्वतंत्र 12 व्होल्टची बॅटरी असेल, तरच विजेच्या पायरीचा विचार करावा. तारही पुरेशी जाड हवी, नाहीतर भार आल्यावर मोटरला व्होल्टेज कमी मिळते आणि पायरी अर्ध्यावर थांबते.

विजेची पायरी निर्विवादपणे सरस ठरते ती गाडी दिवसेंदिवस उभी राहणार असेल तेव्हा. टाकीतली हवा हळूहळू उतरते. मग सकाळी पायरी बाहेर काढायची तर इंजिन चालू करून दाब भरावा लागतो, आणि सोसायटीच्या आवारात पहाटे डिझेल इंजिन घुरघुरले की शेजाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. पायरीच्या शाखेला वेगळी लहान टाकी, तिच्या तोंडाशी हवा परत जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि जोडीला छोटा विजेचा कॉम्प्रेसर दिला तर हे टळते, पण तेवढा खर्च करायचा झाला तर विजेच्या पायरीशी किमतीची तुलना नव्याने करावी. घरात गुडघेदुखीने बेजार ज्येष्ठ असतील आणि गाडी महिन्याकाठी एखाद-दोनदाच निघत असेल, तर मी विजेचीच सुचवीन. हाताने दुमडायची पायरी सर्वांत स्वस्त आणि जवळपास बिनबोभाट. वाकून ती ओढणारे धडधाकट माणूस सोबत हवे, इतकेच.

हवेची पायरी ठेवायची ठरली, तर पावसाळ्यात टाकीचे पाणी रोज काढावे. दमट हवा दाबली की पाणी सुटणारच. टाकीखालच्या ड्रेन कॉकमधून पाण्याऐवजी पांढरट, दुधाळ चिकटा येऊ लागला, तर कॉम्प्रेसरमधून तेलही येते आहे आणि हवेतला ओलावा शोषणाऱ्या एअर ड्रायरचे कार्ट्रिज बदलायला झाले आहे असे समजावे, कारण तोच चिकटा पुढे व्हॉल्व्हची सिले फुगवतो.

पायरीची नळी ब्रेकच्या टाकीवरून थेट काढलेली नाही ना, हे मात्र कोणत्याही दुरुस्तीआधी गाडीखाली जाऊन पाहावे. ती ब्रेकची हवा इतर शाखांपासून वेगळी राखणाऱ्या सिस्टीम प्रोटेक्शन व्हॉल्व्हच्या पुढच्या, जोडउपकरणांसाठी राखलेल्या शाखेवरच हवी. म्हणजे पायरीची नळी फुटली तरी ब्रेकची हवा सुरक्षित राहते. पायरी हवेची असो वा विजेची, ती बाहेर असताना इग्निशन चालू केल्यास चालकापुढे बझर वाजलाच पाहिजे, अशी जोडणी गॅरेजवाल्याकडून करून घ्यावी आणि गाडी ताब्यात घेताना ती स्वतः वाजवून पाहावी.