पॉलिप काढल्यावर शुगर उतरू नये म्हणून: लवकर खायला द्यावं की सलाईनवर ठेवावं?

मोठ्या आतड्यातला पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेला मांसाचा कोंब, दुर्बिणीतून काढायचा ठरला आणि पेशंटला मधुमेह असला, की चौकशी केल्यावर दोन तऱ्हेची उत्तरं कानावर येतात. एका ठिकाणी सांगतात, "तासा-दोन तासांत खायला देऊ, संध्याकाळी घरी." दुसरीकडे म्हणतात, "एक रात्र ठेवू, सलाईन लावू." दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर असू शकतात. तुमच्या माणसाला कोणता लागू पडतो, हे पॉलिप केवढा होता यावर थोडं आणि त्याच्या अंगात कोणतं औषध अजून काम करतंय यावर जास्त ठरतं.

पॉलिप काढल्यामुळे साखर उतरत नाही. ती उतरते लांबलेल्या उपासाने. आदल्या दिवशी फक्त पातळ, रात्री आणि पहाटे पेगची (जुलाबाची) पावडर पिऊन पोट साफ, तपासणीआधी काही तास पाणीही बंद, आणि एवढं झाल्यावर वर "आज काही खाऊ नका". असं करता करता दीड दिवस सहज निघून जातो. काल घेतलेली ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा रात्रीचं इन्सुलिन मात्र पोट रिकामं आहे म्हणून थांबत नाही. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा आला की साखर कमी झाली असं धरतात आणि ५४ च्या खाली गेला की गंभीर.

लवकर खाणं आणि सलाईन

एक सेंटिमीटरच्या आतले पॉलिप आता बहुतेक वेळा वीज न वापरता, नुसत्या तारेच्या फासाने कापून काढतात. अशा वेळी भूल उतरली, पेशंट नीट बोलू लागला, पोट दुखत नाही, की खायला द्यायला सहसा हरकत नसते. मऊ भात-वरण, इडली, पेज, केळं चालतं. भाकरी, कच्ची कोशिंबीर आणि तिखट त्या दिवशी नको.

मोठा, पसरट पॉलिप खालून द्रव टोचून उचलला आणि विजेने कापला असेल, तर बरेच डॉक्टर तो दिवस पातळ पदार्थांवरच ठेवतात. आतड्याचा थर सोलून मोठी गाठ काढली असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडाने काहीच नाही. रक्तस्राव झाला किंवा आतड्याला भोक पडलं तर पोट रिकामं असलेलं बरं, हा त्यामागचा विचार आहे आणि तो मोडू नये. पण "जेवण नको" आणि "साखरेचं पाणीही नको" या दोन वेगळ्या सूचना आहेत. घाईत त्या एकच होऊन जातात. म्हणून स्पष्ट विचारा: गोड पातळ पदार्थ चालतील का, आणि किती वाजल्यापासून?

सलाईनबद्दल आपल्याकडे जरा जास्तच श्रद्धा आहे. बाटली लटकली की नातेवाईक निर्धास्त होतात, पण आधी बाटलीवर काय लिहिलंय ते बघायला हवं. नॉर्मल सलाईन आणि रिंगर लॅक्टेट यांत साखरेचा कणही नसतो. साखर असते ती ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये (म्हणजे ग्लुकोजमध्ये) किंवा डीएनएसमध्ये (डेक्स्ट्रोज घातलेलं नॉर्मल सलाईन), आणि तीही अर्ध्या लिटरच्या अख्ख्या बाटलीत फक्त २५ ग्रॅम. तासाला १०० मिलिलिटरने ती पाच तास चालते, म्हणजे तासाला ५ ग्रॅम. एका मध्यम केळ्यात जवळपास अख्ख्या बाटलीएवढी कर्बोदकं असतात आणि ते खायला दोन मिनिटं लागतात.

म्हणून ज्याला खाता येतं त्याने खावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला तोंडाने काही द्यायचंच नाही, त्याच्यासाठी डेक्स्ट्रोजचं सलाईन. तिथे त्याला पर्याय नाही. मात्र हृदय किंवा किडनी अशक्त असेल तर द्रव मोजूनच द्यावा लागतो, आणि नुसतं डेक्स्ट्रोज बराच वेळ चालवलं तर म्हाताऱ्या माणसाचं सोडियम खाली येऊ शकतं. "एक बाटली जास्त लावा ना" हा आग्रह करू नये.

पॉलिप जठरातला असेल तर घसा बधिर करायचा फवारा मारलेला असतो. बधिरपणा जाईपर्यंत पाण्याचा घोटही ठसक्याला कारण होतो. तिथे घाई नको.

औषध कोणतं, यावर सगळा खेळ

नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाची साखर उपासात फारशी धोक्याच्या पातळीला जात नाही. ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांचंही तसंच. अशा पेशंटला साखरेच्या भीतीपोटी रात्रभर ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांचं वेगळं. त्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेत राहतात, खाल्लेलं असो वा नसो. किडनी मंद असेल तर गोळीचा अंमल लांबतो. साखर एकदा उतरली, ग्लुकोज देऊन वर आणली, सगळे हुश्श झाले आणि तीन-चार तासांनी ती पुन्हा खाली, असं या गोळ्यांवर घडतं. म्हणून या गटात एकदा जरी साखर ७० खाली गेली, तरी एक ग्लास सरबत पाजून घरी पाठवणं बरोबर नाही. मुळात पातळ पदार्थांवर असण्याच्या काळात आणि तपासणीच्या सकाळी ही गोळी बहुधा थांबवतात. तपासणीची तारीख घेतानाच ते तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

इन्सुलिनचा डोस बदलतो, पण सगळ्यांचा सारखा नाही. दिवसभर टिकणाऱ्या इन्सुलिनचा डोस थोडा कमी करतात, ३०-७० मिश्रणाचा जास्त कमी करावा लागतो, कारण त्यातला जलद भाग न आलेल्या जेवणासाठी असतो. टाइप १ असलेल्याचं मूळ इन्सुलिन मात्र पूर्ण बंद करायचंच नसतं. केलं तर साखर चढते आणि रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून बनणारी आम्लं, साठतात.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर उतरवतील ही भीती कमी, पण त्या किमान तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात. उपाशीपोटी त्यांच्यामुळे साखर १५० च दिसत असताना कीटोन वाढू शकतात. मीटर बघून सगळे निश्चिंत आणि पेशंटला मळमळ, धाप. ही गोळी आजकाल हृदयासाठीही देतात, त्यामुळे "शुगरची कोणती गोळी?" असं विचारलं तर ती सांगायची राहूनच जाते. सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

काय पाजायचं

साखर उतरलीच आणि पेशंट शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. १५ ग्रॅम म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर, पाण्यात ढवळून. पावडर दुकानात मिळते, ती पिशवीत असू द्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस यासाठी उपयोगाचं नाही: अख्ख्या लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे एका ग्लासात तीन ग्रॅमही नाही. जुलाबाने गेलेलं पाणी भरून काढायला ते उत्तम, साखर वर आणायला नाही. नारळपाण्यात साखर असते, पण किती ते शहाळ्यावर अवलंबून, आणि किडनीच्या पेशंटला त्यातलं पोटॅशियम चालत नाही. दोन चमचे साखर घातलेला कोरा चहा पोट साफ करण्याच्या दिवशीही चालतो आणि लोकांना आवडतो. फक्त सवयीने त्यात शुगरफ्रीची गोळी टाकू नका. लाल-जांभळी सरबतं तपासणीआधी टाळतात, कारण आतड्यात तो रंग रक्तासारखा दिसतो.

एक बारकी गोष्ट, जी फार जण विसरतात. पेशंट व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असेल तर साधी साखर, गूळ पटकन लागू पडत नाही. या गोळ्या साखर फुटूच देत नाहीत. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. आपल्याकडे व्होग्लिबोज बहुतेकदा दुसऱ्या गोळीत मिसळून येतं, म्हणून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात.

पेशंट गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज देतात, १०० मिलिलिटरमध्ये २५ ग्रॅम, आणि काही मिनिटांत आकडा वर येतो. हा एक भाग घरी जमणारा नाही.

लक्षणं, मीटर की सेन्सर

लक्षणांवर विसंबणं या दिवशी सगळ्यात कच्चं. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाने पेंगणारा माणूस आणि साखर उतरलेला माणूस पलंगावर सारखेच दिसतात. मेटोप्रोलॉलसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथरही दबते, घाम तेवढा फुटतो.

मीटर स्वस्त आणि भरवशाचा. तपासणीआधी, शुद्धीवर आल्यावर, पुढे खाईपर्यंत तासा-दोन तासांनी आणि निघताना बघितलं तरी पुष्कळ. बोट धुऊन पुसा. नुकतंच केळं सोललेल्या किंवा ग्लुकोज ढवळलेल्या बोटावर ६२ चा आकडा १४० दिसू शकतो. डेक्स्ट्रोज चालू असेल तर दुसऱ्या हाताचं बोट टोचा.

साखर सतत मोजणारा दंडावरचा सेन्सर रात्री झोपेत फार कामाचा, कारण तो साखर उतरत चालली हे आधीच दाखवतो. पण तो रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो आणि दाबला गेला की उगाच कमी आकडा दाखवतो. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची ही दुर्बीण तपासणी) डाव्या कुशीवर करतात, म्हणून सेन्सर उजव्या दंडावर लावलेला बरा. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्याने यासाठी सेन्सर विकत घेऊ नये.

कुणी काय निवडावं

मेटफॉर्मिनवरचा, छोटा पॉलिप, घरात माणसं: त्याच दिवशी घरी. ग्लिमेपिराइड किंवा मिश्र इन्सुलिनवरची, सत्तरी ओलांडलेली, किडनी जरा कमी, घरी एकटी: पॉलिप लहान असला तरी एक रात्र ठेवा, आणि त्यासाठी दवाखान्याशी थोडा वाद घालायला लागला तरी घाला. मोठा पॉलिप विजेने काढला असेल तर औषध कुठलंही असो, रक्तस्रावाच्या दृष्टीनेच कदाचित ठेवतील. तेव्हा डेक्स्ट्रोज कधी सुरू करणार आणि मीटर किती वेळाने लावणार, एवढं विचारून घ्या.

घरी जाणाऱ्यांची खरी अडचण त्या संध्याकाळी येते. भूक नसते, चार घास पेज जाते आणि गोळी मात्र नेहमीची पूर्ण घेतली जाते. ती गोळी किंवा इन्सुलिन नेहमीचं जेवण सुरू झाल्यावर किती घ्यायचं, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून मागा; रात्री झोपताना आणि पहाटे एकदा मीटर लावा. आणि तारीख ठरवताना सकाळची पहिली वेळ मागा. दुपारी दोनची वेळ मिळाली तर उपास आणखी अर्ध्या दिवसाने लांबतो.