व्हॅटिकनचं २ युरोचं नाणं, कोलोन २००५
आलं एकदाचं कुरिअरने भुसावळला! २००५ ला जर्मनीत कोलोनला जागतिक युवा दिन झाला ना, कॅथलिक तरुणांचा मोठा मेळावा, त्याचं हे नाणं आणि खरंच खूप भारी आहे. कोलोनचं कॅथेड्रल आणि वर धूमकेतू, म्हणजे बायबलमधल्या, बाळ येशूला भेटायला गेलेल्या तीन राजांना वाट दाखवणारा तारा, कारण त्यांचे अवशेष त्याच चर्चमधे आहेत असं मानतात. भिंगातून बघाच एकदा. जळगावला सराफाकडे काट्यावर ठेवलं तर बरोबर ८.५ ग्रॅम भरलं, कड पांढरी मधे पिवळं. फक्त १ लाख काढली होती म्हणून महाग जातं, पण पैसे वसूल. विकणाऱ्याचं पॅकिंग मात्र साध्या प्लास्टिकचं, एवढ्या किमतीत कॅप्सूल (नाणं ठेवायची गोल पारदर्शक डबी) द्यायलाच पाहिजे होती.