पेंड-मक्यातलं अफ्लाटॉक्सिन: पट्टी, एलायझा की प्रयोगशाळा?

दुधात अफ्लाटॉक्सिन एम-१, म्हणजे बुरशीच्या विषाचा दुधात उतरणारा प्रकार, सापडला की मग सगळे पेंडीच्या गोण्यांकडे धावतात. तोवर उशीर झालेला असतो. बुरशी धरलेला मका किंवा सरकी पेंड गाईच्या पोटात गेली, की त्यातल्या अफ्लाटॉक्सिन बी-१ या मूळ विषाचा थोडा अंश दिवसभरातच एम-१ होऊन दुधात उतरतो, आणि दूध उकळून तो जात नाही. म्हणून तपासायचं ते खाद्य, तेही गोण्या उतरवून घेण्याआधी.

अतिनील दिव्याखाली दाणे बघून माल पास करणारे अजून भेटतात. दिव्याखाली मक्यात हिरवट-पिवळं चमकतं ते अफ्लाटॉक्सिन नसतंच, बुरशीच्या कोजिक आम्लापासून बनलेला वेगळा पदार्थ असतो. संशयित माल बाजूला काढायला दिवा ठीक, निकाल द्यायला नाही.

संकलन केंद्राच्या दारात झटपट चाचणीची पट्टीच कामाची. भरडा अल्कोहोल-पाण्यात हलवायचा, गाळायचा, थेंब टाकायचे, काही मिनिटांत उत्तर. पहिल्यांदा वापरणारा एका गोष्टीत हमखास फसतो: चाचणीची रेघ ठळक असेल तर माल चांगला, विष वाढेल तशी ती पुसट होते. पट्टी घेताना दोन गोष्टी विचारा. ती कोणत्या मालासाठी तपासलेली आहे? मक्याची पट्टी गडद रंगाच्या पेंडीवर चुकू शकते. आणि ती किती पीपीबीला (अब्ज भागांत किती भाग विष) कौल देते? आपल्याकडे पशुखाद्यात बी-१ची मर्यादा २० पीपीबी आहे, युरोपात दुभत्या जनावरांच्या खाद्यात ५. पाचचा माल हवा असेल तर वीसची पट्टी उपयोगाची नाही.

एलायझा, म्हणजे विषाला चिकटणारी प्रतिपिंडं वापरून रंगावरून विष मोजणारी चाचणी, महाग, हा समज हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेने मोडला. फरीद वालियार आणि सहकाऱ्यांनी तिथे प्रतिपिंडं तयार करून नमुन्यामागचा खर्च सुमारे एक डॉलरवर आणला. शेंगदाण्याच्या शेतकऱ्यांसाठी हे फार मोठं काम आहे. पण एलायझाची ९६ घरांची ताटली चार नमुन्यांसाठी लावणं परवडत नाही. त्यासाठी हात बसलेला माणूस आणि रंग मोजणारं यंत्रही लागतं. रोज वीस-तीस नमुने येणाऱ्या संघानेच हा विचार करावा.

वाद, निर्यात किंवा कोर्टाचा प्रश्न असेल तर मात्र एचपीएलसी (विष वेगळं काढून अचूक मोजणारं यंत्र) असलेली मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच. फ्युमोनिसिनसारखी इतर विषंही एकत्र मोजून हवी असतील तर एलसी-एमएस (एकाच वेळी अनेक विषं ओळखणारं यंत्र) वापरून तपासणी मागा.

पण साधन कुठलंही घ्या, नमुना चुकला तर सगळं वाया. विष मालात सारखं पसरलेलं नसतं. पाच हजार चांगल्या दाण्यांत एकच दाणा एक लाख पीपीबीचा निघाला, तर सरासरी वीसवर जाते. तो दाणा तुमच्या मुठीत आला नाही तर पट्टी खुशाल 'पास' म्हणेल, आणि पट्टीचं काहीच चुकलेलं नसेल. म्हणून थोड्या बजेटच्या दूध संस्थेला माझं सांगणं: आधी चांगली चक्की घ्या आणि गोणीत खुपसायची पोकळ सळई. वरून, मधून, तळातून, शक्य तितक्या गोण्यांतून माल काढा, पाच किलो तरी जमवा, सगळा बारीक दळून एकजीव करा. मग पट्टी. पट्टीने नापास केलेला आणि मधूनमधून पास झालेलाही एखादा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. त्याच दळलेल्या मालाची दुसरी पुडी तारीख घालून, व्यापाऱ्याची सही घेऊन कोरड्या जागी बंद ठेवा.