जळगावची चटई कंपनी विकायला ॲडव्हायझर लावले, त्यांचा अनुभव

जळगाव एमआयडीसीतली आमची प्लास्टिक चटईची कंपनी विकली, प्रायव्हेट लिमिटेड होती, त्यासाठी नाशिकचे ॲडव्हायझर लावले होते. आपल्या खान्देशात असे व्यवहार बहुतेक पाहुण्यारावळ्यांत नाहीतर दलालामार्फत होतात, म्हणून मुद्दाम लिहितोय. माझ्याकडून ४ स्टार.

गिऱ्हाईक आणायच्या आधी ते आमचे हिशोब घेऊन बसले. घरच्यांचे पगार, आबांची गाडी हे खर्च बाजूला काढून धंद्याचा खरा नफा मांडला, आणि गोडाऊन घरचंच म्हणून कंपनी भाडं नावालाच देत होती ते बाजारभावाने धरायला लावलं, त्यामुळे नफा खाली आला आणि आबा चिडलेच, पण समोरच्याच्या सीएला ते सापडलंच असतं आणि मग तो बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही.

सगळ्यात भारी काम म्हणजे शेअर विकायचे की अख्खा धंदा स्लंप सेलने (कंपनीने सगळा धंदा एकरकमी किमतीला विकणे) द्यायचा हे नीट समजावलं. स्लंप सेलमध्ये पैसा कंपनीत येतो, तिथे टॅक्स, आणि कंपनीतून आपल्या घरी आणताना परत टॅक्स. शेअर विकले तर पैसा थेट आपल्याला, २४ महिन्यांच्या वर धरलेले असतील तर लाँग टर्म गेन, २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के अधिक सरचार्ज-सेस. पण शेअर घेणाऱ्याच्या गळ्यात कंपनीची जुनी देणी पण येतात, म्हणून त्याने जुन्या जीएसटी-इन्कम टॅक्सची जबाबदारी आमच्याकडून लिहून घेतली आणि काही रक्कम एस्क्रोत (तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात) अडकवली, ते रास्तच आहे. प्लॉट एमआयडीसीचा, लीजवरचा, त्यामुळे मालक बदलल्यावर काय परवानगी, काय चार्ज लागतो ते पण त्यांनी आधीच लेखी विचारून ठेवलं होतं.

गुप्तता पण चांगली पाळली. सुरुवातीला नाव नसलेलं एक पान फिरवलं, एनडीए (गुप्ततेचा करार) झाल्याशिवाय आमच्या व्यापाऱ्यांची यादी कोणाला दिली नाही. जळगावात बातमी फुटली असती तर कामगार आणि उधारीवाले दोघं दारात आले असते.

एक स्टार कापला कारण त्यांची पोरं सारखी बदलायची आणि नवीन आलेला तीच फाईल परत मागायचा, आणि महिन्याचा रिटेनर (दर महिन्याची ठरलेली फी) शेवटच्या, सौदा झाल्यावरच्या सक्सेस फीमधून वळता करत नाहीत. सही करायच्या आधी वळता करायचं लिहून घ्या भाऊ, आणि त्यांनी दाखवलेल्या पार्टीला करार संपल्यावर विकलं तरी किती महिने फी लागेल ते कलम दोनदा वाचा.